एकच घराणे, दोन निराळी कामे

आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोन संगणक आहेत. दोन्ही एकाच वर्षी घेतलेले, एकाच बनावटीचे आणि सारख्याच क्षमतेचे. पहिला खिडकीजवळच्या टेबलावर आहे. त्यावर विद्यार्थी लंबकाची निरीक्षणे भरतात, आलेख काढतात आणि कोणाचे लक्ष नसले की बुद्धिबळही खेळतात. दुसरा कोपऱ्यात एका लाकडी स्टुलावर ठेवलेला आहे. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. तो रात्रंदिवस चालू असतो आणि सर्व तुकड्यांच्या फाइली सांभाळतो.

एकदा अकरावीतील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, दोन्हींवर लिनक्सच आहे ना? मग एकावर उबुंटू आणि दुसऱ्यावर डेबियन असे वेगवेगळे का घातले?" प्रश्न साधा होता. पण उत्तर देता देता तास संपला, आणि त्यात मला माझ्या एका चुकीची कबुलीही द्यावी लागली. तेच उत्तर येथे थोडे विस्ताराने देत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. संगणकात प्रोसेसर, स्मृती, हार्ड डिस्क असे भाग असतात, आणि त्यांचा वापर करू पाहणारे प्रोग्रॅम एकाच वेळी अनेक असतात. कोणाला किती वेळ प्रोसेसर द्यायचा, स्मृतीतील कोणती जागा कोणाची, कोणाची फाइल कोणी उघडायची, ही सर्व व्यवस्था जो प्रोग्रॅम पाहतो त्याला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. तिचा अगदी आतला भाग, जो प्रत्यक्ष यंत्राशी बोलतो, त्याला कर्नल म्हणतात. आपण त्याला गाभा म्हणू.

आता घराण्याकडे वळू. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन यांनी पीडीपी-७ नावाच्या एका लहान संगणकावर नवी कार्यप्रणाली लिहायला सुरुवात केली. डेनिस रिची त्यांचे सहकारी. हीच युनिक्स. त्या काळी बहुतेक कार्यप्रणाली त्या त्या यंत्राच्या सांकेतिक भाषेत लिहीत, त्यामुळे यंत्र बदलले की सारे काम पुन्हा पहिल्यापासून. १९७३ साली युनिक्स रिची यांनीच घडवलेल्या 'सी' या भाषेत पुन्हा लिहिली गेली, आणि ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणे पुष्कळ सोपे झाले. बेल प्रयोगशाळा ज्या टेलिफोन कंपनीची होती तिला १९५६ च्या एका न्यायालयीन समझोत्यामुळे संगणकांचा धंदा करता येत नव्हता. म्हणून युनिक्स तिच्या मूळ मजकुरासह विद्यापीठांना अल्प मोबदल्यात मिळू लागली. ज्यांच्या हाती मजकूर आला त्यांनी तो वाचला, आणि वाचून स्वस्थ बसले नाहीत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत बिल जॉय आणि इतर विद्यार्थ्यांनी युनिक्समध्ये भर घालून १९७८ पासून तिची आपली आवृत्ती वाटायला सुरुवात केली. तिचे नाव बीएसडी. १९८३ च्या बीएसडीत इंटरनेटचे नियम, म्हणजे टीसीपी-आयपी, आयतेच घातलेले होते. पुढे मालकीवरून खटला उभा राहिला. तो १९९२ मध्ये सुरू झाला आणि १९९४ मध्ये तडजोडीने मिटला. याच सुमारास या शाखेतून फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी (दोन्ही १९९३) आणि पुढे १९९५ मध्ये ओपनबीएसडी निघाली.

दुसरी शाखा रक्ताच्या नात्याची नाही, मानलेल्या नात्याची आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' या नावाने युनिक्ससारखीच, परंतु कोणालाही वापरायला, बदलायला आणि वाटायला मोकळी अशी प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. अवजारे एकामागून एक तयार झाली, पण गाभा काही पुरा होईना. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकासाठी एक गाभा लिहिला. तोच लिनक्स. त्यात मूळ युनिक्सचा मजकूर नाही. वागणूक मात्र युनिक्सची. म्हणूनच या साऱ्यांना मिळून 'युनिक्ससदृश' म्हणतात.

येथे पुष्कळांची एक गल्लत होते. लिनक्स हा केवळ गाभा आहे. त्याच्याभोवती अवजारे, पडदा, प्रोग्रॅम बसवून आणि त्यांची एकमेकांशी जुळणी तपासून जो संच तयार होतो त्याला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. डेबियन (१९९३), उबुंटू (२००४), फेडोरा हे असे संच. पीठ एकच, भाकऱ्या वेगवेगळ्या हातच्या. फ्रीबीएसडीचे तसे नाही. तेथे गाभा आणि मूलभूत अवजारे एकाच मंडळाकडे, एकाच मजकुराच्या झाडावर वाढतात. त्यामुळे तिची माहितीपुस्तिका आणि प्रत्यक्ष प्रणाली यांचा मेळ फार चांगला असतो. लिनक्सवर एखादी अडचण आली की आधी 'तुमचा संच कोणता?' हे विचारावे लागते.

मग टेबलावरचा संगणक आणि सर्व्हर यांच्या गरजा वेगळ्या कोठे होतात? पहिला फरक वेळेच्या वाटणीत आहे. माझ्या मते तो सर्वांत मनोरंजकही आहे.

घरच्या आणि खानावळीच्या स्वयंपाकघराचा विचार करा. घरी आई पोळ्या करीत असते. दाराची कडी वाजली की ती गॅस बारीक करते, हात पुसते, दार उघडते, परत येते. एक पोळी थोडी करपते, पण पाहुणा दारात तिष्ठत नाही. खानावळीत तव्यापाशी बसलेली बाई कोणी हाक मारली तरी उठत नाही. तिला तासाभरात दोनशे पोळ्या उतरवायच्या असतात, आणि प्रत्येक उठण्याने चारदोन पोळ्या कमी होतील. टेबलावरचा संगणक हे घरचे स्वयंपाकघर. तेथे उत्तर चटकन मिळायला हवे. सर्व्हर ही खानावळ. तेथे दिवसाअखेर एकूण काम किती उरकले ते मोजायचे.

आता हेच आकड्यांत पाहू. समजा २० प्रोग्रॅम एकाच प्रोसेसरवर पाळीपाळीने चालले आहेत, आणि प्रत्येकाला १० मिलिसेकंदांचा वाटा मिळतो. एकाची पाळी संपली की ती पुन्हा येईपर्यंत उरलेल्या १९ जणांचे १९० मिलिसेकंद जातील. साधारण १०० मिलिसेकंदांपुढचा विलंब माणसाला जाणवू लागतो. म्हणजे कळ दाबल्यावर अक्षर उमटायला उशीर झालेला दिसेल. वाटा १ मिलिसेकंदाचा केला तर थांबणे १९ मिलिसेकंदांवर येते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

मग वाटा लहानच का ठेवू नये? कारण पाळी बदलणे फुकट नसते. चालू प्रोग्रॅमची स्थिती जपून ठेवायची, दुसऱ्याची काढून मांडायची, याला वेळ लागतो. तो आपण ५ मायक्रोसेकंद धरू. १० मिलिसेकंदांच्या वाट्यात हा खर्च ०.०५ टक्के पडतो. १ मिलिसेकंदाच्या वाट्यात ०.५ टक्के. वाटा ५० मायक्रोसेकंदांचा केला तर दर ५५ मधले ५ मायक्रोसेकंद, म्हणजे ९ टक्क्यांहून अधिक वेळ, नुसत्या अदलाबदलीत जाईल. शिवाय प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान स्मृतीत आधीच्या प्रोग्रॅमचा माल भरलेला असतो. तो काढून नवा भरण्यात जो वेळ जातो तो आपण धरलेलाच नाही. आजच्या गाभ्यांतील खरा हिशेब याहून बराच गुंतागुंतीचा असतो आणि वाटे असे ठरीव नसतात, पण ओढाताण हीच असते.

लिनक्सच्या गाभ्याची जुळणी करताना ही निवड उघडपणे समोर येते. गाभ्याचे घड्याळ सेकंदाला १००, २५०, ३०० की १००० ठोके देईल हे जुळणी करणाऱ्याने सांगायचे असते. सोबतच्या टिपेत १०० ठोके हे अनेक प्रोसेसरांच्या सर्व्हरसाठी नेहमीचे, तर १००० ठोके टेबलावरच्या संगणकासाठी अधिक चांगले असे नोंदवले आहे. एकच मजकूर, पण जुळणीप्रमाणे तो घर होतो किंवा खानावळ. अर्थात तुमच्या-माझ्यावर ही निवड करण्याची वेळ सहसा येत नाही. संच तयार करणाऱ्यांनी ती आधीच केलेली असते.

दुसरा फरक पडद्याचा. युनिक्स घराण्यात चित्रमय पडदा हा गाभ्याचा भाग नव्हे. तो गाभ्यावर चालणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो. एक्स विंडो ही तशी व्यवस्था १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली आणि अलीकडे तिची जागा वेलँड घेत आहे. वेगळा असल्यामुळे तो काढूनही टाकता येतो. कोपऱ्यातील संगणकावर मी तो बसवलेलाच नाही. त्यामुळे स्मृती वाचली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे चोराला शिरायला तेवढी दारे कमी झाली. मी त्याच्याशी माझ्या टेबलावरून ओपनएसएसएच या प्रोग्रॅमद्वारे बोलतो. हा प्रोग्रॅम १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी तयार केला. सुरक्षितता हाच त्यांचा ध्यास. ओपनबीएसडी स्वतः फार थोड्या टेबलांवर दिसते, पण तिच्या घरातले हे कुलूप आज लिनक्सवर आहे, मॅकवर आहे, जवळपास सर्वत्र आहे.

तिसरा फरक नव्या-जुन्याचा आहे, आणि माझी चूक येथेच झाली.

काही वर्षांपूर्वी कोपऱ्यातील संगणकावर मी एक असा संच घातला होता की ज्यात प्रत्येक प्रोग्रॅमची नवी आवृत्ती निघताच येऊन पोहोचते. घरी मी तोच वापरीत असे आणि मला तो फार आवडत असे. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी निघता निघता मी नेहमीच्या सवयीने त्याला अद्ययावत होण्याची आज्ञा दिली. फाइली वाटणाऱ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली, आणि तिला जुनी मांडणी-फाइल वाचता येईना. सकाळी आठ वाजता २४ विद्यार्थी दारात उभे, बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीवर, आणि एकाही विद्यार्थ्याची वर्षभराची निरीक्षणे उघडत नव्हती. परीक्षकांचे दोन चहा झाले. साडेनऊला फाइली उघडल्या, तेव्हा कोठे परीक्षा सुरू झाली. एका मुलाचे हात तोवर इतके थरथरत होते की त्याला व्हर्नियर धरवेना. त्याला शेवटी बसवले.

दोष त्या संचाचा नव्हता. आपण नव्याच्या मागे धावणार हे त्याने आधीच सांगितलेले होते. मी घरचा स्वयंपाकी खानावळीत नेऊन बसवला होता. दुसऱ्याच आठवड्यात मी तेथे डेबियनची 'स्थिर' शाखा घातली. तिची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. मधल्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, पण प्रोग्रॅमची वागणूक शक्यतो बदलू देत नाहीत. म्हणजे छिद्र बुजवायचे, पण भिंत हलवायची नाही. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघतात आणि त्यांना पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. उलट फेडोरा साधारण दर सहा महिन्यांनी नवी निघते आणि प्रत्येक आवृत्तीची देखभाल सुमारे तेरा महिने होते. ज्याला नवा लॅपटॉप, नवे ग्राफिक्स कार्ड चालवायचे आहे त्याला हा वेग उपयोगाचा असतो, कारण नव्या यंत्रभागांची ओळख नव्या गाभ्यालाच असते.

सर्व्हरच्या बाबतीत 'किती काळ' हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे एका हिशेबावरून कळेल. वर्षाचे ८७६० तास होतात. सर्व्हर ९९.९ टक्के वेळ चालू राहिला असे कोणी अभिमानाने सांगितले, तर तो वर्षात पावणेनऊ तास बंद होता असा अर्थ होतो. ९९.९९ टक्क्यांना सुमारे ५३ मिनिटे. ९९.९९९ टक्क्यांना सव्वापाच मिनिटे. माझी त्या सकाळची दीड तासाची चूक आम्हांला एका फटक्यात ९९.९९ च्या बाहेर घेऊन गेली!

मुदतीचा शब्दही तपासून घ्यावा लागतो. सेंटओएस हा संच अनेक संस्थांच्या सर्व्हरवर होता. त्याच्या आठव्या आवृत्तीची देखभाल २०२९ पर्यंत होईल असे सर्वांनी धरले होते. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केले की ती २०२१ अखेर थांबेल. मग त्याची जागा घेण्यासाठी अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स असे दोन संच २०२१ मध्ये पुढे आले. मजकूर मोकळा असल्यामुळेच हे शक्य झाले, हेही खरे.

बीएसडी शाखेचे आज कोठे चालते? सर्व्हरवर ती चांगलीच टिकून आहे. नेटफ्लिक्सची चित्रपट पोहोचवणारी यंत्रे फ्रीबीएसडीवर चालतात. २००८ पासून फ्रीबीएसडीत झेडएफएस ही फाइल-व्यवस्था मिळते. ती प्रत्येक तुकड्याची बेरीज-खूण वेगळी जपते आणि डिस्कवर गुपचूप बिघडलेला तुकडा वाचताना ओळखते. लिनक्सच्या मुख्य मजकुरात मात्र ती नाही. अडचण तांत्रिक नाही, दोघांच्या परवान्यांच्या अटी एकमेकींत बसत नाहीत एवढीच. टेबलावर फ्रीबीएसडी घालता येते, मी घालून पाहिली आहे. पण वाय-फाय आणि ग्राफिक्स कार्डांचे प्रकार असंख्य, त्यांना चालवणारे मजकूर लिहिणारे हात लिनक्सकडे अधिक. सर्व्हरवर ना वाय-फाय लागते ना ग्राफिक्स, म्हणून तेथे ही उणीव जाणवत नाही.

गंमत अशी, की बीएसडीचा अंश असलेली एक प्रणाली टेबलावर सर्वांत यशस्वी ठरली. ॲपलने डिसेंबर १९९६ मध्ये नेक्स्ट ही कंपनी घेण्याचे जाहीर केले. तिच्या प्रणालीवरून २००१ मध्ये मॅक ओएस टेन उभी राहिली. तिच्या गाभ्यात माख नावाचा एक गाभा आणि बीएसडीचा बराच भाग एकत्र नांदतात. २००७ मध्ये तिच्या १०.५ या आवृत्तीला युनिक्स हे नाव लावण्याचे अधिकृत प्रमाणपत्रही मिळाले. लिनक्स जन्मभर 'सदृश' राहिली आणि मॅक कागदोपत्री खरी युनिक्स झाली. मात्र सर्व्हरच्या खोल्यांत मॅक क्वचितच दिसते, कारण ती ॲपलच्याच यंत्रांसाठी आहे आणि तिचा पडदा काढून ठेवता येत नाही.

लिनक्सचे याच्या उलट झाले. विद्यार्थ्याच्या टेबलासाठी जन्मलेला हा गाभा टेबलावर अजूनही अल्पमतात आहे, पण बाकी सर्व ठिकाणी पोहोचला आहे. अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचाच गाभा असतो. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील पाचशेच्या पाचशे संगणक लिनक्सवर चालत आले आहेत. पुण्याच्या सी-डॅकमधील 'ऐरावत' जून २०२३ च्या यादीत ७५ वा होता, तोही त्यातच आला. सी-डॅकनेच 'बॉस' नावाचा भारतीय भाषांची सोय असलेला लिनक्सचा संचही तयार केला आहे.

तुमच्या शाळेत एखादा जुना, ४ जीबी स्मृतीचा संगणक पडून असेल तर शिक्षकांच्या मदतीने पुढील प्रयोग करून पाहा. हलका पडदा असलेला एखादा संच त्यावर घाला. पडदा चालू असताना किती स्मृती वापरात आहे ते 'फ्री' या आज्ञेने पाहा आणि लिहून ठेवा. मग पडदा बंद करून तीच आज्ञा पुन्हा द्या. दोन आकड्यांतील वजाबाकी म्हणजे पडद्याची किंमत. मात्र आधी त्यावरील सर्व फाइली दुसरीकडे उतरवून घ्या. हे मी अनुभवाने सांगतो.

आणि हे एक गणित. युनिक्स घराणे काळ मोजते ते १ जानेवारी १९७० च्या प्रारंभापासून, ग्रिनिचच्या वेळेप्रमाणे, सेकंदांत. जुन्या यंत्रांवर या मोजणीला ३२ बिट दिलेले होते. त्यांतील एक चिन्हासाठी, म्हणून मोठ्यात मोठी संख्या २१४७४८३६४७. तिला ८६४०० ने भागा, दिवस काढा. मोजणी १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल. पुढच्या सेकंदाला ही संख्या ऋण होईल आणि असे यंत्र स्वतःला १९०१ सालात समजू लागेल. ओपनबीएसडीने २०१४ मध्येच सर्व यंत्रांसाठी ६४ बिटांची मोजणी स्वीकारली. लिनक्सच्या गाभ्याने ३२ बिटांच्या यंत्रांसाठी ही सोय २०२० मध्ये पुरी केली. टेबलावरचे जुने संगणक तोवर भंगारात गेलेले असतील. प्रश्न भिंतीत, कारखान्यात, मीटरमध्ये बसवून विसरलेल्या छोट्या संगणकांचा आहे. चिन्हाचा बिटही मोजणीला वापरला, तर मोजणी कोणत्या साली संपेल ते तुम्ही काढा. उत्तर २१०६ यायला हवे.